टाचा खाली आल्या तर गावाचं काय बिघडलं?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवते. ज्यांना दोन ओळींत मत हवं त्यांनी इथूनच वळावं, बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

गेल्या पंधरा दिवसांपासून आपल्या शेंदूरजनाघाट-वरुडच्या ग्रुपवर एक रील फिरून राहिली आहे. लग्नाची आहे. नवरी छान शालू नेसून लॉनवरून चालत येते, कोणाच्या तरी पाया पडायला वाकते, शालूचा काठ जरा वर होतो आणि खाली दिसतात पांढरे कॅनव्हासचे बूट. बस, एवढंच. नवरी कोण, कुठली, मला ठाऊक नाही आणि तुम्हीही शोधत बसू नका. पण त्याखाली आपल्या भागातल्या चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी जे लिहिलं ते मी सगळं वाचलं. "बाईपण संपलं." "उद्या ट्रॅकसूटवर बोहल्यावर उभी राहील." "हिल घालून चालायची नजाकतच गेली आताच्या पोरींची." एका सद्गृहस्थांनी, जे एरवी नळाला आठ दिवस पाणी नाही आलं तरी तोंड उघडत नाहीत, संस्कृतीवर तीन परिच्छेद लिहिले. शेवटी हात जोडलेले.

आता मला सांगा, उंच टाचेची सँडल आपली संस्कृती कधीपासून झाली? आमच्या आजीच्या पायात आयुष्यभर चामड्याची वहाण होती, तीही बाजाराच्या दिवशी. घरात, वावरात, विहिरीवर अनवाणी. आईच्या पायात रबरी स्लीपर आली. टाच ही आमच्या पिढीने आणली आणि ती आणताना काय काय ऐकलं ते मला पाठ आहे, कारण ऐकणाऱ्यांत मी होते.

साल १९९८-९९. मी अमरावतीला कॉलेजात, मुलींच्या होस्टेलवर. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, दर्यापूर, कुठून कुठून आलेल्या पोरी. घरून आलेल्या पैशातून पैसे वाचवून प्रत्येकीने पहिल्या वर्षात जी वस्तू घेतली ती म्हणजे जवाहर रोडवरून दीड-दोन इंच टाचेची सँडल. पायऱ्यांवर टकटक वाजायची. त्या आवाजात एक ऐट होती, मी नाही म्हणत नाही. वावरातून थेट आलेल्या पोरीला वाटायचं की आपण जमिनीपासून दोन इंच तरी वर आलो. पण शनिवारी गावाकडे यायचं म्हटलं की त्या सँडल पिशवीत जायच्या आणि वरुडच्या स्टँडच्या आधीच पायात साधी चप्पल यायची. का? कारण पानठेल्यावर बसलेले. टकटक ऐकली की "घोडी आली रे" म्हणणारे. घरी कोणीतरी येऊन बापाला सांगणारे की "भाऊ, पोरगी हाताबाहेर चालली, पाय पाहा तिचे." दोन जणींचं शिक्षण त्याच वर्षी बंद झालं. नुसत्या सँडलमुळे नाही, पण घरात जी यादी वाचून दाखवली गेली तिच्यात सँडल होती.

म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी टाच वाजली म्हणून पोरगी बिघडली. आज टाच वाजत नाही म्हणून बाईपण गेलं. आणि गंमत अशी की बोलणारे तेच आहेत. तेव्हा पानठेल्यावर होते, आता ॲडमिन आहेत.

म्हणून मी म्हणते की हा वाद टाचेचा नाहीच. बाईच्या पायात काय आहे हे बघण्याचा आणि त्यावर निकाल देण्याचा हक्क आपलाच, असं ज्यांना वाटतं त्यांचा हा वाद आहे. आणि तो फार जुना आहे. आनंदीबाई जोशी, त्याच ज्या १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि पुढे त्यांचं चरित्र लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर, या दोघी पायात बूट आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांना दगड मारले, अशी नोंद आहे. बूट आणि छत्री! म्हणजे पायाला काटा लागू नये आणि डोक्याला ऊन लागू नये, एवढीच सोय. पण ती पुरुषाची शान होती, बाईने घेतली म्हणजे अपमान झाला. त्याच काळात, १८८२ मध्ये, आपल्याच वऱ्हाडातल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं आणि विचारलं की जो दोष पुरुषात चालतो तोच बाईत का चालत नाही. बुलडाणा इथून फार दूर नाही. पण त्यांचं नाव आमच्या पोरींना स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये एका गुणाचा प्रश्न म्हणून भेटतं.

पायात काय घालायचं हे ठरवायची मुभा या देशात कोणाकोणाला नव्हती ते आठवून पाहा. कोणाच्या वाड्यासमोरून जाताना कोणी वहाणा डोक्यावर घ्यायच्या, हे आपल्या आजोबा-पणजोबांना माहीत होतं. चामडं कमावून साऱ्या गावाच्या वहाणा शिवणारी माणसं स्वतः अनवाणी. सासऱ्यासमोर, दीरासमोर चप्पल पायात ठेवू नये हा नियम तर आमच्या आजीपर्यंत चालू होता. ती सांगायची, पारावर म्हातारे बसलेले असले की चपला काढून हातात घ्यायच्या, मग भर मे महिन्यातली डांबरी सडक असो. तेव्हा "फक्त बुटाचा तर विषय आहे" असं मला कोणी सांगू नये.

आणि हो, ती नजाकत. तिचाही उगम जरा ऐकून घ्या, मजा येईल. उंच टाच पहिल्यांदा बायकांसाठी नव्हतीच. इराणच्या घोडेस्वारांच्या जोड्याला टाच असायची, रिकिबीत पाय घट्ट अडकावा म्हणून. तिथून ती सतराव्या शतकात युरोपातल्या सरदारांकडे गेली. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचेचे जोडे घालायचा आणि त्याच्या दरबारात लाल टाच म्हणजे मान. पुढे पुरुषांना कळलं की ह्याच्यावर चालता येत नाही, त्यांनी सोडून दिली. कोणी म्हटलं नाही की पुरुषपण गेलं. बायकांनी सोडायला घेतली तर मात्र आमच्या ग्रुपवर शोकसभा.

आता प्रश्न असा की पोरी टाच का सोडून राहिल्या? कोणी म्हणतं फॅशन, कोणी म्हणतं सिनेमातल्या नट्या घालतात म्हणून. असेल तेही थोडंबहुत. लॉनच्या मऊ गवतात पेन्सिल हिल रुतते हेही एक कारण आहेच. मी स्वतः एका लग्नात वरमाय आणि तिच्या दोन भावजया अशा तिघींना गवतात उभ्या रोवलेल्या पाहिल्या आहेत, फोटोग्राफरने हात देऊन काढल्या. पण खरं कारण पाहायचं असेल तर पहाटे पाच वाजता वरुड रोडला जा.

तिथे पोरी धावत असतात. थंडी असो, धुकं असो. पोलिस भरतीच्या पोरी. मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. ८०० मीटरला २० गुण. एका सेकंदाने गुण जातो आणि एका गुणाने नोकरी जाते. या पोरींना बुटांबद्दल जे कळतं ते मला आणि तुम्हाला कळत नाही. कोणत्या बुटाचा तळ किती पातळ, डांबरावर कोणता, मातीवर कोणता, जुन्या बुटाची कड कुठून झिजते. संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला जाणाऱ्या आईची पोरगी, तिने दिवाळीत ड्रेस नाही घेतला, बूट घेतले. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, ड्रेस फाटला तर चालते, बूट फाटला तर साल जाते." या पोरीच्या मनात सुंदर पाय कसा असतो याचं चित्र तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळं आहे. तिला तो पळणारा हवा आहे.

तिच्या जोडीला बाकीच्याही आहेत. स्कूटीवर तीन-तीन गावं करणाऱ्या आशाताई. सकाळची एसटी पकडून अमरावतीला क्लासला जाणाऱ्या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत बायका किती वाढल्या ते कोणत्याही कंडक्टरला विचारा. एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे कारने फिरणाऱ्यांना आठवत नसेल. हिल घालून, कडेवर लेकरू घेऊन, मागून धक्के खात ती चढून दाखवावी कोणीतरी नजाकतवाल्याने. नगर परिषदेत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. प्रचारात दारोदार फिरणाऱ्या उमेदवार बायका मी पाहिल्या, पहिल्या दिवशी सँडल, तिसऱ्या दिवशी सगळ्या स्पोर्ट शूजवर. साडी, कपाळावर टिकली, गळ्यात पक्षाचा दुपट्टा, पायात स्पोर्ट शूज. कोणालाही विचित्र वाटलं नाही, कारण मतं मागायची होती.

बाई जितकी जास्त चालते तितकी तिची टाच खाली येते. मला तर एवढं साधं गणित दिसतं.

पण हे झालं ज्यांना निवडता येतं त्यांचं. ज्यांना निवडता येत नाही त्यांच्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली, आणि नवरीच्या बुटावर रडणाऱ्यांपैकी एकानेही यांच्याकडे कधी पाहिलेलं नाही.

आपल्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत काचेची मोठी दुकानं झाली. साड्यांची, सोन्याची, मोबाईलची. चांगली गोष्ट आहे, गावातल्या पोरींना गावाजवळ काम मिळालं. अशाच एका दुकानात, नाव लिहीत नाही, काऊंटरवरच्या पोरींना युनिफॉर्म आहे आणि युनिफॉर्मसोबत काळी टाचेची सँडल सक्तीची आहे. सँडलचे पैसे पहिल्या पगारातून कापतात. सकाळी दहा ते रात्री आठ. लग्नसराईत नऊ, साडेनऊ. आणि बसायला काही नाही. मी एकीला विचारलं, दुकानाबाहेर, तिच्या सुट्टीच्या दिवशी. ती म्हणाली, "ताई, गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहा लागते. शेठ म्हणतात बसलेली पोरगी दिसली तर दुकान आळशी दिसते. रातच्याले पाय असे ठणकते का झोप नाही लागत. घरी गेली का पहिले गरम पाण्यात पाय टाकतो मी." वय किती असेल तिचं? बावीस. बावीस वर्षांच्या पोरीच्या पोटऱ्या म्हातारीसारख्या दुखतात.

मी दुकानाच्या मालकांनाही भेटले. चांगला माणूस आहे, गणपतीला वर्गणी देतो, गरिबाच्या पोरीच्या लग्नाला साडी देतो. त्याला विचारलं, शेठजी, टाचेची सक्ती कशाला? म्हणाले, "मॅडम, स्टँडर्ड दिसते. नागपूर-अमरावतीच्या शोरूमसारखं वाटलं पाहिजे." मी विचारलं, मग तुमच्या पोरांना का नाही? काऊंटरवर तीन पोरंही आहेत, सपाट बुटात. हसले. उत्तर नाही आलं.

आता स्टँडर्डचंच बोलायचं तर जगाचं स्टँडर्ड कुठे चाललं ते सांगते, कारण शेठजी बिचारे जुन्या कॅलेंडरवर आहेत.

जपानमध्ये २०१९ मध्ये युमी इशिकावा नावाच्या बाईने कामावर टाच घालायच्या सक्तीविरुद्ध मोहीम काढली. नाव ठेवलं 'कुटू'. जपानी भाषेत बुटाला 'कुत्सु' म्हणतात आणि वेदनेला 'कुत्सू', त्या दोन्हीचा खेळ, आणि 'मी टू' शी जोड. ती स्वतः अंत्यविधीच्या सेवेत काम करत होती, तिथेही टाच लागायची! हजारो सह्या झाल्या. त्यांच्या कामगारमंत्र्याने टाच घालणं समाजमान्य आणि गरजेचं आहे अशा अर्थाचं काहीतरी उत्तर दिलं आणि जगभर बोलणी खाल्ली. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या हवाई सुंदरींवरची टाचेची सक्ती काढून टाकली. त्याआधी २०१७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मालकाने टाचेची सक्ती करू नये असा नियम केला. आपल्याकडे २०२२ मध्ये आकासा एअर सुरू झाली तेव्हा त्यांच्या विमानातल्या पोरींच्या पायात पहिल्या दिवसापासून स्नीकर आहेत. विमान तरी उडतंच आहे.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते फिलिपिन्सचं. तो काही श्रीमंत देश नाही, आपल्यासारखाच. तिथे मॉलमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरींच्या तक्रारी झाल्या आणि २०१७ मध्ये कामगार खात्याने आदेशच काढला: एक इंचापेक्षा उंच टाचेची सक्ती करायची नाही, बसायला जागा द्यायची, उभं राहण्याच्या कामात मधे मधे विश्रांती द्यायची. टाच आणि स्टूल दोन्ही एकाच आदेशात! ज्याने तो लिहिला त्याला दुकानातली पोरगी दिसली होती.

फिलिपिन्स लांब वाटत असेल तर केरळात या. कोझिकोडमध्ये विजी नावाची एक शिवणकाम करणारी बाई, तिने दुकानातल्या सेल्सगर्लना एकत्र केलं. सुरुवात झाली ती लघवीला जायला जागा नाही यावरून. तिथून बसायच्या हक्कावर आल्या. वर्षानुवर्षं लढल्या, आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून बसायची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूने केली. म्हणजे बसण्यासाठीसुद्धा बायकांना उभं राहून लढावं लागलं.

आपल्याकडे कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असं कलम होतंच, ४४ वं. पण साडीचं दुकान कारखाना नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत उभ्याने काम करणाऱ्या सगळ्या कामगारांना बसायची सोय असं लिहिलेलं आहे. पण मेख कुठे आहे पाहा: ती संहिता साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागते. आपल्याकडच्या दुकानात पोरी किती? चार, पाच, फार तर सात. वरुडच्या पोरीचे पाय कायद्याच्या मापात बसत नाहीत. आणि उद्या बसले तरी निरीक्षक अमरावतीहून येईल आणि स्टूल मोजेल, यावर माझा वीस वर्षांच्या बातमीदारीनंतर विश्वास नाही.

बरं, सरकार स्वतः काय म्हणतं? ८ डिसेंबर २०२० ला महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं होतं. जीन्स आणि टी-शर्टमुळे त्याची बरीच चर्चा झाली, आठवत असेल. त्यात बायकांच्या पायांबद्दलही आहे: चप्पल, सँडल किंवा बूट घाला, स्लीपर नको. टाच किती इंच याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे मंत्रालयात सचिवासमोर बाई सपाट चपलेत उभी राहू शकते, पण वरुडच्या काऊंटरवर साडी उलगडून दाखवायला तिला दोन इंच वर चढावं लागतं.

डॉक्टरी भाग थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्यांना माहीत असून कोणी मनावर घेत नाही. टाच वर गेली की शरीराचा भार पंजावर येतो, बोटं पुढे कोंबली जातात, अंगठ्याच्या बाजूचं हाड बाहेर येतं. रोज, वर्षानुवर्षं घातली तर पोटरीचे स्नायू आखडतात, मग सपाट चप्पल घातली तरी ओढ बसते. गुडघ्यावर ताण येतो. कधीमधी लग्नात दोन तास घातल्याने कोणाचं काही बिघडत नाही. रोज दहा तास उभं राहून बिघडतं.

आता ज्या बायकांना हिल आवडते त्यांनी माझ्यावर चिडू नये. माझ्या एका मैत्रिणीची उंची चार फूट दहा, बँकेत आहे, ती म्हणते, "मी काऊंटरच्या पलीकडे दिसली पाहिजे ना बाप्पा." घाल की! साठीच्या एका काकू मला म्हणाल्या की आयुष्यभर नवऱ्याने घालू दिली नाही, आता तो नाही, आता मी घालणार. त्यांनी घातली आणि नातीच्या बारशाला ऐटीत आल्या. मी त्यांचा फोटोही काढला. यातलं काहीच मला खटकत नाही. १९९८ मध्ये आम्ही जी पिशवीतून लपवून नेली ती टाच आमच्या हौसेची होती, आणि तिच्यासाठी मी आजही भांडेन. शेठजींच्या दुकानातली टाच शेठजींच्या हौसेची आहे, पाय मात्र पोरीचे. एवढा फरक ज्याला कळत नाही त्याने बाईपणावर लिहू नये.

आणि ज्यांना वाटतं की सपाट चप्पल म्हणजे गावंढळ, त्यांनी मागच्या वर्षीचं कोल्हापुरीचं प्रकरण आठवावं. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये जी चप्पल दाखवली ती हुबेहूब कोल्हापुरी. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. इकडे ओरड झाली, कारण कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे. मग कंपनीने मान्य केलं की हो, प्रेरणा तिथलीच. त्यांची माणसं कोल्हापूरला येऊनही गेली. म्हणजे आमच्या चर्मकार बांधवांनी पिढ्यान्पिढ्या शिवलेली सपाट, कर्रकर्र वाजणारी वहाण मिलानच्या मंचावर चालते आणि आम्ही इथे पोरीला सांगतो की प्लास्टिकची टाच लाव, तर स्टँडर्ड दिसशील. (आवाजच पाहिजे असेल तर कोल्हापुरीचाही चांगला येतो.)

एक बारीकसा किस्सा मधेच. लग्नात नवरदेवाचे जोडे लपवायचा प्रकार १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' नंतर आपल्याकडे जोरात आला. आता करवल्या अकरा हजार मागतात, एकवीस हजार मागतात. नवरदेवाच्या जोड्यांची एवढी किंमत! आणि त्याच मांडवात नवरी तीन तास स्टेजवर हिलवर उभी, फोटोला येणारी रांग संपत नाही, तिचे पाय सुजून सँडलच्या पट्ट्यातून वर आलेले. तिच्या जोड्यांची चौकशी कोणी केली? आता त्या रीलमधल्या पोरीने स्वतःच केली. कॅनव्हासचे बूट घातले. स्टेजवर उभी राहिली असेल आरामात. ते पाहून सद्गृहस्थांचे पाय दुखायला लागले.

शेवटी वावराकडे येते, कारण शेंदूरजन्यात राहून तिकडे न जाता कोणतीच गोष्ट पूर्ण होत नाही. आपण संत्र्याच्या कलमांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जातो, मध्य प्रदेशातूनही लोक रोपं घ्यायला येतात. त्या रोपवाटिकांत, बगीच्यांत निंदायला, खत टाकायला, तोडा झाल्यावर फळं निवडायला बायका असतात. त्यांच्या पायात काय असतं? पावसाळ्यात चिखल इतका चिकटतो की स्लीपर तुटते, म्हणून काढून धुऱ्यावर ठेवतात आणि अनवाणी उतरतात. काटा, काच, विंचू, साप, फवारणीचं औषध सांडलेली माती. ज्या बाईने तळपायाच्या भेगांत मेण भरून आयुष्य काढलं तिच्यासमोर हिल की फ्लॅट हा वाद घालायची मला लाज वाटते. पण तिचीच पोरगी त्या काऊंटरवर उभी आहे, आणि तिचीच दुसरी पोरगी पहाटे वरुड रोडवर धावते. म्हणून हा विषय एकच आहे.

लता भगवान करे आठवतात? बुलडाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीकडे गेलेलं मजूर कुटुंब. नवऱ्याच्या उपचाराला पैसे नाहीत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून धावली, अनवाणी, आणि जिंकली. २०२० मध्ये सिनेमा आला तिच्यावर, त्यात तिनेच काम केलं. आपण सगळ्यांनी तिचे फोटो फॉरवर्ड केले, डोळे पुसले. अनवाणी बाई आपल्याला फार आवडते. तिने बूट मागितले की मग आपल्याला संस्कृती आठवते.

तर आता कामाचं. येत्या आठवड्यात मी आपल्या गावातल्या आणि वरुडमधल्या मोठ्या दुकानांत फिरणार आहे, वही घेऊन. दोनच गोष्टी बघणार: काऊंटरच्या मागे पोरींना बसायला स्टूल आहे का, आणि टाचेची सक्ती आहे का. ज्यांच्याकडे स्टूल आहे त्यांची नावं इथे पोस्ट करीन, फुकट जाहिरात समजा. ज्यांच्याकडे नाही त्यांची नावं करणार नाही, त्यांना महिनाभराने पुन्हा भेटेन. प्लास्टिकचा स्टूल बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळतो. व्यापारी मंडळींपैकी जे माझे मित्र आहेत त्यांनी उद्याच घेऊन टाका, बिल पाठवलं तर पहिल्या पाच स्टुलांचे पैसे मी देते.

आणि दुकानात काम करणाऱ्या ज्या पोरी हे वाचून राहिल्या असतील, त्यांनी इथे जाहीर काही लिहू नका, नोकरीचा प्रश्न असतो. माझा नंबर गावात कोणालाही विचारा. तुमचं नाव कुठेच येणार नाही.

ते ट्रॅकसूटवाले दादा, तुमच्या दुकानात मी मंगळवारी येते.